डिझेल गाडी सुरू का होत नाही? क्रमाने शोध घेण्याचा एक पाठ



गेल्या डिसेंबरात खानापूरला विज्ञान प्रदर्शनासाठी आपल्या शाळेची चौदा उपकरणे न्यायची होती. नववीतील एका विद्यार्थ्याच्या वडिलांची डिझेल पिकअप आहे. ते रोज रात्री बेळगावच्या बाजारातून भाजी भरून चोर्ला घाटाने गोव्याला जातात आणि सकाळी परततात. शाळेसाठी त्यांनी त्या रात्रीची फेरी सोडली. संध्याकाळीच गाडी पटांगणात आणून उभी केली. मुलांनी उपकरणे चढवली, वर ताडपत्री बांधली. सकाळी साडेसहाला किल्ली फिरवली, तर इंजिन जोरात फिरले, पण सुरू झाले नाही.

आम्ही तीन शिक्षक तेथे हजर होतो. एकाने बॅटरीला दोष दिला, दुसऱ्याने थंडीला. तिसऱ्याने "चला, ढकलूया" म्हणून दहा-बारा मुलांना मागे उभेही केले. तेवढ्यात पालक खाली उतरले आणि म्हणाले, "सर, ढकलू नगासा. आधी ती काय म्हणत्या ते ऐकूया."

मग त्यांनी मुलाला गाडीत बसवले, पुन्हा एकदा किल्ली फिरवायला सांगितली आणि स्वतः सायलेन्सरजवळ जाऊन उभे राहिले. त्यांचे प्रश्न तीनच होते. सेल्फ कसा फिरतोय? धूर येतोय का, आणि कोणत्या रंगाचा? गाडीला शेवटचा हात कुठे लावला होता? पुढच्या पंचवीस मिनिटांत दोष सापडला आणि गाडी सुरू झाली. वर्षानुवर्षे आम्ही फळ्यावर डिझेल इंजिनाची आकृती काढत आलो. पण त्या सकाळी विद्यार्थी आम्हीच होतो. जे शिकलो ते येथे क्रमाने मांडत आहोत.

डिझेल इंजिनाला काय लागते?

पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते, डिझेल इंजिनात लागत नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ साली ऑग्सबर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. कल्पना अशी की, हवा एकदम दाबली तर ती तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, ते काही प्रमाणात याच कारणाने. डिझेल इंजिनात दट्ट्या हवेला तिच्या मूळ जागेच्या साधारण सोळाव्या ते विसाव्या भागात कोंबतो. त्यामुळे हवेचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. डिझेल सुमारे २१० ते २५० अंशांना आपोआप पेट घेते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते जळते.

म्हणजे इंजिन सुरू व्हायला चार गोष्टी हव्यात.

१. इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, मिनिटाला साधारण १५० ते २५० फेरे. हळू फिरले तर दाबलेली हवा निसटते आणि तिची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात.
२. हवा भरपूर आत आली पाहिजे आणि नीट दाबली गेली पाहिजे.
३. स्वच्छ डिझेल, पुरेशा दाबाने, नेमक्या क्षणी आत फवारले गेले पाहिजे.
४. नव्या गाड्यांत संगणकाची परवानगी मिळाली पाहिजे. इंजिन कोणत्या स्थितीत आहे हे त्याला कळले नाही किंवा किल्ली ओळखता आली नाही, तर तो डिझेल सोडतच नाही.

गाडी बंद पडते तेव्हा या चारांपैकी एखादीच गोष्ट कमी पडलेली असते. कोणती, ते शोधायचे. सुटे भाग बदलत बसायचे नाही.

पहिली खूण : सेल्फचा आवाज

किल्ली फिरवल्यावर काहीच झाले नाही, नुसती टिकटिक झाली किंवा इंजिन कण्हत कण्हत फिरले, तर दोष विजेच्या वाटेवर आहे. डिझेल, नोझल, पंप यांच्याकडे बघूसुद्धा नका.

हेडलाइट लावून किल्ली फिरवा. दिवे एकदम विझल्यासारखे मंद झाले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. दिवे प्रखर राहिले आणि सेल्फ गप्प राहिला, तर सेल्फपर्यंत वीज पोहोचत नाही किंवा सेल्फमध्येच बिघाड आहे. काही गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, तेही पाहावे.

मल्टिमीटर असेल तर आणखी बरे. काही तास विश्रांती घेतलेली चांगली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे ती जवळजवळ निम्मी उतरली. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये.

येथे दहावीच्या विद्यार्थ्यांनी ओहमचा नियम आठवावा. सेल्फ एका दमात सुमारे ३०० अँपिअर विद्युतधारा ओढतो असे धरू. बॅटरीच्या टोकावर पांढरी-हिरवी भुकटी जमून तेथे केवळ ०.०१ ओहम रोध तयार झाला, तर त्या एका सांध्यावरच ३०० × ०.०१ = ३ व्होल्ट खर्च होतात. बारापैकी नऊच उरतात. हाच सांधा पाच अँपिअरच्या दिव्याला मात्र अडवत नाही, कारण तेथे ५ × ०.०१ = ०.०५ व्होल्टच जातात. म्हणून "दिवा लागतो, म्हणजे बॅटरी आणि तारा ठीक आहेत" हे अनुमान चुकीचे ठरते.

याच नियमाने या पालकांना काही वर्षांपूर्वी फटका बसला होता. गाडी सकाळी सुरू होईना. एका ठिकाणी बॅटरी बदलायला सांगितली, ती बदलली. पुन्हा तीच तक्रार. मग सेल्फ दुरुस्त केला. दोन फेऱ्या बुडाल्या, एकदा भरलेली कोथिंबीर आणि मेथी गाडीतच पिवळी पडली. शेवटी दोष निघाला तो इंजिनापासून चासीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. तिचा एक नट गंजून सैल झाला होता. पॉलिश पेपरने घासून नट आवळला आणि गाडी सुरू झाली. त्या महिन्याचा गाडीचा हप्ता त्यांना उसने घेऊन भरावा लागला. "तेव्हापासून मी आधी इचारतो, मग पाना धरतो," असे ते म्हणाले.

अर्थिंग तपासायची रीत सोपी आहे. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला, दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा आणि सेल्फ फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला, तर पट्टी किंवा तिचे सांधे खराब आहेत.

दुसरी खूण : धुराचा रंग

सेल्फ जोरात फिरतो आहे, पण इंजिन पेट घेत नाही, अशा वेळी सायलेन्सरकडे पाहावे.

पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल, तर डिझेल आत जाते आहे पण जळत नाही. म्हणजे उष्णता कमी पडते. हीटर प्लग तापत नसतील, सेल्फ हळू फिरत असेल, डिझेलमध्ये पाणी असेल किंवा इंजिन झिजून हवा नीट दाबली जात नसेल. हीटर प्लगचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबूनच किल्ली पुढे फिरवावी. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो, पण निरोगी इंजिन अडून बसावे इतका तो नसतो. म्हणून नुसते "थंडी आहे" म्हणून सोडून देऊ नये. आमच्यापैकी एकाने तेच केले होते.

काळा धूर येत असेल, तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडते. हवेचा फिल्टर काढून पाहावा. खाणीच्या किंवा मातीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत तो धुळीने गच्च भरतो. कधी उंदराने आणून ठेवलेल्या चिंध्याही आत सापडतात.

धूर अजिबात नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. आमच्या पिकअपचे हेच लक्षण होते. सेल्फ उत्तम, धूर शून्य. म्हणजे बॅटरीही निर्दोष आणि थंडीही निर्दोष. आमची दोन्ही मते एका मिनिटात बाद झाली.

तिसरी खूण : शेवटचा हात कुठे लागला?

धूर नसेल तेव्हा साध्या गोष्टी आधी पाहाव्यात. टाकीत डिझेल खरोखर आहे का? काटा खोटे बोलू शकतो. फ्यूज शाबूत आहे का? डॅशबोर्डवर किल्लीचे चिन्ह लुकलुकते आहे का? तसे असेल तर गाडी किल्ली ओळखत नाही, दुसरी किल्ली वापरून पाहावी. सेल्फ फिरताना फेरे दाखवणारा काटा थोडा हलतो का? अनेक गाड्यांत तो मुळीच हलला नाही, तर इंजिनाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवर संशय घ्यावा. जुन्या पंपाच्या गाड्यांत डिझेल बंद करणारा विजेचा झडप-स्विच असतो. किल्ली चालू केल्यावर त्याचा 'टक' असा आवाज यायला हवा.

आपल्या पालकांनी हे सारे पाहिले आणि मग म्हणाले, "काल दुपारी मीच फिल्टरचं पाणी काढलंय. तिथंच बघूया."

डिझेलमध्ये पाणी कोठून येते? टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या जागेत दमट हवा असते. रात्री टाकी गार झाली की त्या हवेतील बाष्पाचे थेंब होतात. पावसाळ्यात गोव्याच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीला हे चुकत नाही. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते फिल्टरच्या तळाशी साचते. तेथील स्क्रू सैल करून ते अधूनमधून बाटलीत काढून घ्यावे लागते. ते गटारात सोडू नये.

पालकांनी फिल्टरवरचा हातपंप दाबला. तो मऊ लागला, आत हवा होती. नंतर तळाचा स्क्रू चाचपला. तो आवळलेला होता, पण त्याची रबरी रिंग एका बाजूला चिमटली गेली होती. बारीकशी फट राहिली होती.

आता मुलांनी एक प्रश्न विचारला, तो फार चांगला होता : फट आहे, तर खाली डिझेल का सांडले नाही?

उत्तर नारळपाण्याच्या नळीत आहे. नळीला बारीक भोक असेल तर तेथून पाणी बाहेर येत नाही. उलट आपण ओढू लागलो की हवा आत येते आणि पाणी नीट वर चढत नाही. या गाडीत टाकी खाली, फिल्टर वर आणि पंप त्याच्याही पुढे आहे. पंप डिझेल ओढून घेतो, त्यामुळे फिल्टरमध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. म्हणून फटीतून डिझेल बाहेर न येता हवा आत शिरते. संध्याकाळी इंजिन चालू असताना थोडी हवा खपून गेली. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर मात्र फटीतून हवा शिरत राहिली आणि नळीतील डिझेल मागे टाकीत उतरले.

डिझेल दाबले तर फारसे आकुंचन पावत नाही, हवा मात्र स्प्रिंगसारखी दबते. म्हणून हवा धरलेल्या पंपात दाब तयारच होत नाही. आजच्या कॉमन रेल इंजिनाला सुरू व्हायलाही साधारण २०० ते ३०० बार दाब लागतो. सायकलच्या चाकात तो सुमारे तीन बार असतो, यावरून कल्पना करावी. तेवढा दाब दिसेपर्यंत संगणक नोझल उघडत नाही, आणि म्हणून धूरही येत नाही.

पालकांच्या डब्यात एक जुनी पण चांगली रिंग होती. ती पुसून, डिझेलचा हात लावून बसवली. मग त्यांच्या मुलाने हातपंप दाबायला सुरुवात केली. साठ-सत्तर वेळा दाबल्यावर तो एकदम कडक लागला. किल्ली फिरवली, इंजिन आधी थोडे अडखळले आणि मग सुरू झाले. नऊच्या आत आम्ही खानापूरला पोहोचलो. वाटेत एका दुकानातून नवी रिंग घेतली आणि परत आल्यावर जुनीच्या जागी बसवली.

हे कदापि करू नये

• सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये. मध्ये अर्धा ते एक मिनिट थांबावे, नाहीतर सेल्फ जळतो आणि बॅटरीही उतरते.
• भरलेली गाडी ढकलू नये. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. घाटात किंवा उतारावर हे जिवावर बेतते. दुरुस्तीपूर्वी हँडब्रेक ओढून चाकाखाली दगड लावावेत.
• नव्या इंजिनाच्या पंपापासून नोझलपर्यंतच्या लोखंडी नळ्या सैल करू नयेत. चालू इंजिनात तेथील दाब १,६०० बार किंवा त्याहून जास्त असतो. बारीक फवाराही कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब इस्पितळात जावे.
• झटपट पेटणारा ईथरचा स्प्रे हीटर प्लग असलेल्या इंजिनात मारू नये, स्फोट होऊ शकतो.
• बॅटरीजवळ काडी, बिडी नको. तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. बॅटरी सोडवताना ऋण टोक आधी काढावे, जोडताना ते शेवटी लावावे.
• दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडताना आधी धन टोकाला धन टोक जोडावे. ऋण तार शेवटी, तीही बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या लोखंडाला लावावी.
• १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या काही डिझेल गाड्यांत युरियाच्या द्रावणाची, म्हणजे डीईएफची, वेगळी टाकी असते. ती रिकामी झाली तर बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होऊ न देण्याची व्यवस्था त्यांत असते. त्या टाकीत साधे पाणी घालू नये. आणि ते द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत पडले, तर किल्लीसुद्धा फिरवू नये.

मेस्त्रींकडे केव्हा जावे?

सेन्सर, पंप, नोझल किंवा झिजलेले इंजिन यांचा संशय असेल, तर ते घरचे काम नाही. पण मेस्त्रींकडे जाताना "गाडी सुरू होत नाही" एवढेच सांगू नका. "सेल्फ जोरात फिरतो, धूर येत नाही, टाकीत डिझेल आहे, हातपंप कडक लागतो, काल अमुक काम केले होते," असे सांगा. चांगल्या मेस्त्रींचा अर्धा वेळ वाचतो. आणि एखाद्याने काहीच न तपासता महागडा भाग बदलायला सांगितला, तर "कशावरून?" असे नम्रपणे विचारायचे धैर्य येते. ज्या घराची चूल त्या गाडीवर चालते, त्या घराला हा एक शब्द फार उपयोगी पडतो.

थोडे आमच्याविषयी

आम्ही तिघांनी त्या सकाळी निरीक्षणाआधी निष्कर्ष काढला. प्रयोगवहीत एखाद्या विद्यार्थ्याने तसे केले असते, तर आम्ही लाल शाईने खूण केली असती. पुढच्या सोमवारी नववीच्या वर्गात हा पाठ त्या विद्यार्थ्यानेच घेतला. एरवी वडिलांच्या कामाविषयी विचारले की तो खाली पाहत असे. त्या दिवशी त्याने फिल्टर, पंप आणि नोझल यांची आकृती फळ्यावर काढली. ती आमच्या नेहमीच्या आकृतीपेक्षा चांगली होती.

विश्वस्त मंडळाला आमची एक छोटी विनंती आहे. प्रयोगशाळेसाठी दोन मल्टिमीटर आणि उद्यमबागेतील एखाद्या कारखान्याकडून जुने, निकामी डिझेल इंजिन मिळाले, तर आठवी ते दहावीच्या मुलांना ते उघडून दाखवता येईल. गाडी चालवणाऱ्या आणि गॅरेज चालवणाऱ्या पालकांनीही वर्षातून एकदा वर्गावर यावे. आम्ही मागच्या बाकावर बसू.

स्वाध्याय

१. सेल्फ २५० अँपिअर धारा ओढतो आणि अर्थिंगच्या पट्टीचा रोध ०.००८ ओहम आहे. पट्टीवर किती व्होल्ट खर्च होतील? ही पट्टी चांगली म्हणावी का?
२. सेल्फ जोरात फिरतो आणि पांढरा धूर येतो. या गाडीची बॅटरी बदलावी का? कारण द्या.
३. नळीला बारीक भोक पाडून पाणी ओढून पाहा. भोक पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली असताना काय फरक पडतो, ते लिहा.
४. घरातील बंद पडलेली एखादी वस्तू घ्या, उदा. विजेरी किंवा सायकलचा पंप. ती चालायला कोणत्या गोष्टी लागतात याची यादी करा आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली, सर्वात सोप्या गोष्टीपासून एकेक तपासून नोंद करा. घरातल्या विजेच्या जोडणीला मात्र हात लावू नका.